बोलेरोमागचा गाडा

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

रघूशेठ आज बोलेरोच्या चारही टायरांना लाथा घालून गेला! टोकावड्याहून खास आला होता गाडी बघायला. बॉनेट उघडलं, खाली वाकला, दार दोनदा आपटलं. बैलाचे दात बघावेत तसं चाललं होतं त्याचं. साईनाथ, माझा नवरा, हाताची घडी घालून बाजूला उभा.

"उभी राहून राहून सडंल रे ती," रघूशेठ म्हणाला. "देऊन टाक."

साईनाथ हो म्हणणार होता. मला दिसत होतं ना — मान हलायला लागली होती त्याची.

आणि मी ओट्यावरून ओरडले, "गाडी द्यायची नाय इतक्यात! आमी ट्रेलर बांधतोय मागं लावायला. फिरायला जायचाय!"

कोण बोललं हे? मीच! आबा — माझे सासरे — विडी तोंडाशी नेता नेता थांबले. साईनाथ माझ्याकडे बघतच राहिला. रघूशेठ पोट धरून हसला. "फिरायला? आन् चालवणार कोण?"

आमच्या घरात हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी माळशेज घाटात वळणावर वरून दगड आले. साईनाथने गाडी कठड्याकडे काढली, ती कलंडली. आत पॅसेंजर भरलेले. सगळे वाचले, पण त्यातल्या नवसूमामांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. साईनाथला कोणी दोष दिला नाही. नवसूमामांनी तर नाहीच. तरी त्या दिवसापासून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला नाही. बाइकसुद्धा चालवत नाही. किन्हवलीला ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करतो, एसटीने जातो, एसटीने येतो. गाडी दुरुस्त होऊन आली ती चुलत दिराने आणून अंगणात लावली. तिथेच आहे, ताडपत्रीखाली.

गाडी विकली की तो पुन्हा चालवणार की नाही हा प्रश्नच संपला. सगळ्यांनाच सुटल्यासारखं होईल, त्यालाही. मला तो प्रश्न संपायला नको आहे. एवढंच आहे माझं म्हणणं.

ट्रेलर कुठून आला तोंडात? भूमिकाने पाठवलेला व्हिडिओ. पोरगी ठाण्याला नर्सिंगच्या हॉस्टेलवर राहते आणि आईला रात्रंदिवस व्हिडिओ पाठवते. त्यात एक जोडपं होतं, गाडीमागे एवढीशी खोली ओढत डोंगरात जाणारं. मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकघर. मी तो चार वेळा बघितला होता, कोणाला न सांगता.


१८ नोव्हेंबर

बोलले ते बोलले. आता बांधावाच लागणार!


२४ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर तो त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. मीही नाही. भाताची झोडणी चालू होती, बोलायला वेळ कुणाला?

आज ती संपली. दुपारी मी ओट्यावर ब्लाउज कापत बसले होते. साईनाथ आला, माझ्या डब्यातला निळा खडू उचलला आणि खळ्यावर जाऊन रेघा ओढायला लागला. (समोर मी 'अहो' म्हणते. इथे साईनाथ. कागदावर तेवढी मोकळीक घेते.)

"दोघांना झोपाय किती लागंल?" त्याने विचारलं.

"टेप आणू?"

"टेप नको. आडवी हो."

खळ्यात! दिवसाढवळ्या! झाले आडवी. त्याने माझ्या डोक्यापासून पायापर्यंत खडू फिरवला, पायाशी वीतभर जागा सोडली. मग स्वतः शेजारी पडला आणि खडू माझ्या हातात दिला. "आता माझ्या बाजूची रेघ तू काढ."

कुंपणापलीकडून सोमीकाकू — "काय गो कमळ, खून पडला काय तुमच्यात? टीव्हीत दाखवतात तशी माणसा काढताव खडूनं!"

साईनाथ हसला. आवाज करून हसला. मी पडल्या पडल्या वर आभाळाकडे बघत होते, म्हणून बरं झालं. डोळे दिसले नाहीत कोणाला.


३० नोव्हेंबर

भिवंडीच्या भंगारातून एका जुन्या व्हॅनचा मागचा एक्सल आला, दोन चाकांसकट. स्प्रिंगचे पाटेही बरे निघाले. साईनाथ आणि आबा टेम्पोत मागे बसून आले, एक्सल दोघांच्या मध्ये, पाहुण्याला आणावं तसा.

आबा त्याला ट्रेलर म्हणत नाहीत. गाडा म्हणतात.


५ डिसेंबर

आज एक चोरटं काम केलं. शिवलेले कपडे द्यायला जाते सांगून शहापूरला गेले आणि गाडीच्या क्लासात नाव घातलं.

सर विनोदी आहेत. "वयनी, क्लच हाय तो, सवत नाय. हळू सोडा!" तीनदा बंद पडली गाडी. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. घामाने पाठ भिजली, डिसेंबरात.

परत येताना एसटीत बसून विचार करत होते — मी शिकतेय ते कशासाठी? तो कधीच चालवणार नाही हे मी मनातून मान्य केलंय म्हणून? की मी शिकले तर त्याच्यावरचं ओझं उतरेल म्हणून? दोन्ही खरं असावं. एका वेळी दोन गोष्टी मनात ठेवायची बायकांना सवयच असते.


१५ डिसेंबर, रविवार

चौकोनी पाइपचा सांगाडा उभा राहिला! साईनाथने दुकानातून वेल्डिंगचं मशीन आणलंय. गावातली लाइट कमी दाबाने येते, मशीन लावलं की सोमीकाकूंचा टीव्ही मिचमिचतो. त्या कुंपणाशी येऊन विचारतात, "झाला काय रे तुझा गाडा? माझी मालिका बुडते."

एक्सल कुठे लावायचा यावर आज बाप-लेकांत जोरात चर्चा झाली. म्हणजे बोलले आबाच. आबांनी जन्मभर बैलगाडी हाकली. भाताची, लाकडांची, वऱ्हाडाची. त्यांचं म्हणणं, भार बरोब्बर चाकांवर तोलला पाहिजे. मागे जड झाली की गाडी 'उलाळ' होते, जू वर उचलतं, बैलाला फास बसतो. पुढे जड झाली की बैलाच्या मानेला फोड. "मान जपायची बैलाची. गाडा तोलात पायजे, बोटावर उचलला पायजे!"

साईनाथने मान हलवली. एक्सल अगदी मधोमध बसला. मग आबांनी पुढची दांडी एका बोटावर उचलून दाखवली. खरंच, एका बोटावर! शेजारचे बघायला आले होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. आबा इतके ताठ उभे मी पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते.


२२ डिसेंबर

जाड कॅनव्हास शिवताना सुया मोडतात. घरचं मशीन हे काम करायला तयारच नाही. हाताने दाभणाने शिवतेय. बाजूला ताणायची सावली, वरचं कव्हर, खिडकीची जाळी. खिडकीला गुंडाळून बांधायच्या पट्ट्या लावल्या. साईनाथ म्हणाला, "पट्ट्या लाल लाव, हिरव्या रानात सापडतील." रंगाबद्दल लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी बोलला हा माणूस!


२९ डिसेंबर, रविवार

नवसूमामा आले. एसटीने, कुबडी घेऊन, कोणाला न कळवता. "काय तरी बांधतंस असा ऐकला. म्हटला बघून येवा."

साईनाथ त्यांना बघताच मागच्या पडवीत गेला. पाणी आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. पाणी मी दिलं.

मामा ट्रेलरभोवती फिरले. कुबडीने चाक ठोकलं. मग म्हणाले, "पायरी खाली घ्या गो जरा. एका पायाच्या माणसाला नाय चढता येत." इतकं सहज म्हणाले. मी हाताचा आधार दिला, ते आत चढले, बिछान्याच्या फळीवर बसले, खालीवर हलून बघितलं. "झोप लागंल बरी."

जाताना पडवीच्या दिशेने मोठ्याने बोलले — "साईनाथ, जातो रे! पायरीचा बघ!"

ते गेल्यावर साईनाथ बाहेर आला. त्याने ग्राइंडर लावला, पायरी कापली आणि खाली घेतली. अंधार पडेपर्यंत कानस मारत बसला तिच्यावर. कुणाचा हात कापू नये म्हणून.


६ जानेवारी २०२५

मागचं झाकण खाली पडतं तो माझा ओटा. स्टोव्हला खाच, डब्यांना कप्पे, मिसळणाच्या डब्याला वेगळं घर. ओट्याखाली पाण्याची टाकी, नळ बाहेर. तांदूळ, पातेली, कुकर सगळं तिथेच मागे. साईनाथने विचारलं, "एवढा लागतो?" मी म्हटलं, "तुमाला दोन दिवस बिस्किटावर ठेवू काय?"

भूमिकाला फोटो पाठवला. तिचं उत्तर — "आई, माझ्या हॉस्टेलच्या खोलीपेक्षा मोठं आहे हे!"


१४ जानेवारी

आबा काल म्हसा जत्रेला गेले होते. बैल घ्यायचे नसतात, तरी जातात, दात बघतात, भाव करतात, परत येतात. या वेळी घुंगरमाळ घेऊन आले. बैलाच्या गळ्यातली. ट्रेलरच्या दांडीला बांधली.

"आबा, लोखंडाला घुंगरू?"

"मग? मुका काय जाणार?"


१९ जानेवारी, रविवार

सांगून टाकलं आज. परवा लायसन्सची टेस्ट पास झाले, लपवणार तरी किती!

साईनाथ जेवत होता. घास हातात राहिला. "माझ्यावर भरवसा नाय?" एवढंच म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, भरवसा आहे, पण मला पण चालवता यायला हवं. पटलं की नाही कळलं नाही. ताट तसंच ठेवून उठला.

मी भांडी घासत होते तेव्हा बोलेरोवरची ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन बघते तर तो दार उघडून बाहेरूनच वाकून सीट पुढे सरकवत होता. "तुझे पाय पोचणार नायत हिला," म्हणाला. सीट सरकवली, मागे उशी ठेवली. बसला मात्र नाही.

दुपारनंतर बॅटरी बदलल्यावर गाडी सुरू झाली. मी ट्रेलर जोडून शेतात फिरवला! कापलेल्या भाताच्या खुंटांवरून, बांधावरून, ओहोळातून. आबा पुढे चालत होते, 'हॉ हॉ' करत, मी बैल असल्यासारखं. एक चाक ओहोळात खाली गेलं, पाट्याने झेललं, वर आलं. काही पडलं नाही, काही तुटलं नाही. घुंगरं वाजत होती. साईनाथ बांधावर उभा राहून बघत होता, आणि त्याचा उजवा पाय — मी पाहिलं — जमिनीवर दाबला जात होता. मी ब्रेक मारायला हवा तिथे तिथे.


२६ जानेवारी, रविवार

लिहू की नको.

सकाळी शाळेत झेंडा झाला. नंतर ट्रेलरला घेऊन रस्त्यावर निघालो. सामान सगळं भरलेलं, टाकी भरलेली, मला खऱ्यासारखं करून बघायचं होतं. साईनाथ शेजारी बसला. हे एवढंच किती दिवसांनी! वरची कडी घट्ट धरून, पण बसला.

सरळगावच्या बाजूला उतार आहे तिथपर्यंत सगळं छान होतं. उतारावर वेग थोडा वाढला. आणि मागून काहीतरी ढकलल्यासारखं झालं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. आरशात ट्रेलर शेपटी हलवत होता. प्रत्येक वेळी जास्त. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर ओढली जात होती, स्टेअरिंग हातात हलकं, पोकळ. घुंगरं वेड्यासारखी वाजत होती. माझा पाय ब्रेककडे गेला —

"ब्रेक नको! पाय काढ! दोन्ही पाय काढ! सरळ धर, फिरवू नको, सरळ!"

हा आवाज मी विसरले होते. वीस वर्षं पॅसेंजर नेणाऱ्या माणसाचा आवाज. मी ऐकलं. गाडी मंदावली, ट्रेलर दोन हेलकावे खाऊन गप्प झाला. समोरून कोणी येत नव्हतं, ही देवाची कृपा.

बाजूला घेतली. साईनाथ उतरला, गटाराच्या कडेला बसला आणि ओकला. मी पाठीवरून हात फिरवला. थंडगार होती पाठ.

आम्ही ट्रेलर तिथेच एका ओळखीच्या खळ्यात सोडून आलो. संध्याकाळी आबांचा पुतण्या ट्रॅक्टरने हळूहळू ओढून घेऊन आला.


२७ जानेवारी

सकाळी साईनाथने स्वतःहून रघूशेठला फोन लावला. मी चुलीशी होते, ऐकू येत होतं. "सोळा तारखेला ये. रविवार हाय. घेऊन जा."

मग माझ्याकडे न बघता — "गाडा पण तोडून टाकू. पाइप कामाला येतील."

मी भाकरी थापत राहिले. करपली एक.


२८ जानेवारी

काही नाही.


३० जानेवारी

दुपारी घरी आले तर साईनाथ अंगणात. दुकानात गेलाच नव्हता. ट्रेलरच्या मागे उकिडवा बसला होता, मग उठला, मागच्या ओट्यावर हात टेकून भार दिला. पुढची दांडी वर उचलली गेली. हात काढला, खाली आली. पुन्हा भार. पुन्हा वर. मी दारातच थांबले, चप्पल न काढता.

"कमळ, इकडं ये. बस मागं."

बसले. दांडी वर!

"बाजाराच्या दिवशी पोरं मागच्या शिडीला लोंबकळायची ना," तो म्हणाला, "तवा पुढची चाकं हलकी व्हायची. स्टेअरिंग पाण्यात फिरवल्यासारखा वाटायचा. मी ओरडायचो, पुढं या रे, पुढं या! काल तुझ्या हातात पण तसाच झाला. — रविवारी, काल नाय."

एका दमात इतकं बोलला. गाडीबद्दल! शिडीबद्दल, स्टेअरिंगबद्दल! दोन वर्षांत ज्या शब्दांच्या जवळ तो गेला नव्हता ते सगळे एकामागून एक. मी श्वास रोखून ट्रेलरच्या शेपटीवर बसून राहिले. उठले तर थांबेल असं वाटलं.

तर गोम अशी — बैलगाडीचा तोल बैलासाठी ठीक. बैल चालतो. याला पळायचं आहे. याचा भार थोडा पुढे हवा, बोलेरोच्या अंगावर, म्हणजे मागे शेपटी हलत नाही. आम्ही तो मधोमध तोलला, आणि वर मी बाईने माझा सगळा संसार मागे भरला. पाणी, तांदूळ, कुकर! पक्का उलाळ.

आता हे आबांना सांगायचं कोणी?


३१ जानेवारी

साईनाथनेच सांगितलं. "आबा, गाडीला मान नसते. तिच्यावर थोडा भार घालावाच लागंल."

आबांनी विडी विझवली, उठले आणि वालाच्या शेतात गेले. जेवायला आले नाहीत.


२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साईनाथ एक्सलचे वेल्डिंगचे टाके कापत होता. आबा आले. हातात मोठा पाना. खाली सरपटत गेले, त्या वयात! आतून आवाज — "नुसता बघतंस काय, धर की!"

एक्सल मागे सरकवला. पाण्याची टाकी पुढे घेतली. तांदळाचा डबाही पुढे आला. ओट्यापासून चार पावलं लांब गेला, असू दे. सगळं झाल्यावर आबांनी सवयीने दांडीखाली बोट घातलं. हलेना. मग हात घातला. मग दोन्ही हात, आणि कण्हत म्हणाले, "म्हैस झाली रे हिची!"

तिघंही हसलो. आबा सगळ्यात जास्त. आणि मग हळूच मला, एकटीला — "सूनबाय, तुमाला काय झाला असता तर?" उत्तर ऐकायला थांबले नाहीत.


४ फेब्रुवारी

उतारावर पुन्हा नेला. मी चालवला, तो शेजारी. तसाच वेग. ट्रेलर मागे सरळ, शहाण्यासारखा. मी त्याच्याकडे बघितलं. कडी धरलेली नव्हती. हात मांडीवर.

मी विचारलं, "आता तरी रघूशेठला नको म्हणून सांगायचं?"

"शब्द दिलाय."

"मग?"

"एकदा नेऊ कुठंतरी. तू चालव."


९ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज. टोकावड्याच्या पुढे, नदीच्या कडेला, आबांच्या एका जुन्या ओळखीच्या शेतात. रस्ता सोडून खडकातून, झाडोऱ्यातून आत जायला लागलं. एका ठिकाणी मी घाबरून थांबले तर साईनाथ उतरला, पुढे उलटा चालत हाताने दाखवत गेला — इकडं, इकडं, येऊ दे, येऊ दे. मी फक्त त्याच्या हातांकडे बघून गाडी चालवली.

लाल पट्ट्या सोडल्या, सावली उभी केली, झाकण पाडून ओटा मांडला. पहिल्यांदा चहा केला तेव्हा उगाच दोन कप बाहेर नेऊन पुन्हा आत आणले, ठेवायला जागा आहे याचंच कौतुक! सुकट-बटाटा केला, भात केला. साईनाथ म्हणाला, "घरच्यापेक्षा बरा लागतो." मीच केलेलं दोन्ही, तरी रागावले नाही.

संध्याकाळी तो सगळा वेळ घाटाकडे तोंड करून बसला होता. समोरच दिसतो तिथून. गाड्यांचे दिवे वर चढताना दिसत होते, वळणावर गडप होत होते, पुन्हा वर दिसत होते. तो प्रत्येक दिवा पुन्हा दिसेपर्यंत थांबायचा. मी शेजारी बसले. त्याने माझा हात घेतला आणि त्यावरचा दाभणाचा घट्टा बोटाने चाचपत राहिला.

मला वाटलं होतं — खोटं कशाला लिहू, मला पक्कं वाटलं होतं की सकाळी तो म्हणेल, दे किल्ली. सकाळी त्याने काच पुसली, आरसा माझ्या उंचीला लावला आणि जाऊन शेजारच्या सीटवर बसला.

मी चालवत घरी आणलं. छान चालवलं. वाटेत तो गुणगुणत होता. त्यात समाधान मानायला शिकायला हवं मला. माणूस हसतो, गुणगुणतो, आपल्या शेजारी बसून येतो. आणखी किती मागायचं?

तरी मागावंसं वाटतं.


१५ फेब्रुवारी

उद्या रघूशेठ येणार. गाडी धुतली आज. सीटखाली कुणा पॅसेंजरच्या पोरीचं रबर सापडलं, केसांचं. ठेवून दिलं.

साईनाथ संध्याकाळी एसटीतून उतरला तो डिझेलचा कॅन घेऊन. टाकीत ओतलं. हवा बघितली. मी म्हटलं, विकायच्या गाडीत कशाला? तो म्हणाला, "रिकामी गाडी देऊ नाय कोणाला."

असा आहे माझा नवरा. मी आत आले आणि भाजी चिरताना थोडी रडले.

भूमिकाला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू खूप केलंस." केलेलं संपलं की असंच म्हणतात.


१६ फेब्रुवारी, रविवार

उठले तर अंगण रिकामं! बोलेरो नाही, ट्रेलर नाही. ओल्या मातीवर चाकांच्या रेघा, फाटकाबाहेर डावीकडे वळलेल्या. आबा ओट्यावर विडी ओढत बसले होते. "गेला," म्हणाले. "मला पण इचारला नाय."

रघूशेठ आला, चहा प्यायला, वाट बघितली, चिडून गेला.

दुपारी फोन. वारा फार होता, नीट ऐकू येत नव्हतं.

"वर आलो. घाट चढून. पलीकडं हाय."

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"रागावलीस? एकट्यालाच यायचा होता गो एकदा."

"नाय रागावले. परत कधी?"

"उद्या. नायतर परवा. — कमळ, इथनं पुढं पण रस्ता चांगला हाय."

फोन ठेवला. हसत होते की रडत होते कोण जाणे, आबांनी तोंड फिरवलं. इतके दिवस मी त्याला चालवताना डोळ्यांसमोर आणत होते, तेव्हा दर वेळी शेजारच्या सीटवर मी असायचे. आज ती सीट रिकामी आहे, आणि मला भूक लागली आहे. दोनदा भात घेतला.